उपासनेतील गीतांचे बिल: रेघ कोठे ओढायची?

प्रश्न — खजिनदार, डॅलस

सर्वांना सलाम. मी मूळचा नगरचा असून गेली एकवीस वर्षे अमेरिकेत राहतो. येथील ज्या इंग्रजी भाषिक मंडळीचा (चर्चचा) मी सभासद आहे, तिच्या खजिनदारपदाची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली. अंदाजपत्रक तयार करताना 'संगीत' या एकाच शीर्षकाखाली मला पाच निरनिराळी वार्षिक बिले सापडली: गीतांचे शब्द पडद्यावर दाखवण्याचा परवाना, उपासनेच्या थेट प्रक्षेपणासाठी त्याच कंपनीचा दुसरा परवाना, स्वरलिपी उतरवून घेण्याची वर्गणी, आधीच मुद्रित केलेल्या वाद्यमेळाच्या ट्रॅकची वर्गणी, आणि वादकांच्या कानांत बसवायच्या यंत्रांची देखभाल. या सर्वांची बेरीज आमच्या मंडळीने गरजूंच्या मदतीसाठी बाजूला काढलेल्या रकमेपेक्षा अधिक भरली.

मी हा आकडा कमिटीपुढे ठेवला, तेव्हा आमच्या संगीतप्रमुखांनी शांतपणे उत्तर दिले की कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे असे शास्त्रच सांगते आणि गीत लिहिणारा हाही कामकरीच आहे. त्यावर मला काही बोलता आले नाही, कारण ते म्हणाले ते खरेच आहे. मात्र पुढच्या रविवारी मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो. दिवे मंद झाले, व्यासपीठावर पाच जण गाऊ लागले, आवाज छातीत घुमत होता, आणि माझ्या पुढच्या तीन रांगांत दुसऱ्या कडव्यानंतर एकही ओठ हलत नव्हता. लोक हातात कॉफीचा कागदी पेला धरून पडद्यावरचे शब्द वाचत उभे होते.

माझा प्रश्न असा आहे. गीतकाराला मोबदला देणे आणि उपासनेचीच बाजारपेठ होणे, या दोहोंत रेघ कोठे ओढायची? भक्तिगीतांचा व्यापार ही आजचीच गोष्ट आहे, की ती पूर्वापार चालत आली आहे आणि मला ती हिशेबाची वही हातात आल्यामुळे दिसू लागली?

---

उत्तर — पेटीवाला

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. भक्तिगीतांवर पैसा मिळू लागला त्याला निदान दीडशे वर्षे झाली. १८७३ मध्ये मूडी आणि सँकी हे अमेरिकन प्रचारक ब्रिटनला गेले, तेव्हा सँकींच्या गीतांची एक छोटी पुस्तिका तेथे छापली गेली आणि ती इतकी खपली की दोन वर्षांत रॉयल्टीची रक्कम सुमारे सात हजार पौंडांवर गेली. हे दोघे गीते विकण्यासाठीच सभा घेतात, असा आरोप तेव्हाही झाला. त्यांनी ती रक्कम स्वतःकडे ठेवली नाही. १८७१ च्या आगीत जळालेले मूडींचे शिकागोतील चर्च पुन्हा उभारण्याच्या कामी ती लागली. याच काळात फॅनी क्रॉस्बी या अंध कवयित्रीने आठ हजारांहून अधिक गीते लिहिली आणि प्रकाशकाकडून तिला एका गीतामागे एक-दोन डॉलर मिळत गेले. पुस्तके लाखांनी खपली, पण तो नफा तिच्या घरापर्यंत पोहोचला नाही. तेव्हा जुना काळ निर्मळ होता आणि आजचा भ्रष्ट आहे, अशी मांडणी मी करणार नाही.

तुमच्या टेबलावरच्या पहिल्या बिलाचा जन्म मात्र एका खटल्यानंतरच्या भीतीतून झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची १९६२-६५ मधील धर्मसभा) मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लोकभाषांत होऊ लागली, इंग्रजी गीतांची एकाएकी निकड निर्माण झाली, आणि धर्मग्रामांनी जी हाती लागतील ती गीते यंत्रावर छापून, टाचून, घरगुती गीतपुस्तके तयार केली. एफईएल नावाच्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेने १९७६ मध्ये शिकागोच्या महाधर्मप्रांतावर दावा लावला. १९८४ मध्ये ज्यूरीने एकूण ३१ लाख ९० हजार डॉलरची भरपाई ठरवली. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने त्यातला सर्वांत मोठा भाग रद्द केला. परंतु रद्द झाल्याची बातमी आकड्याइतकी पसरली नाही, आणि देशभरातील पाळकांनी आपापल्या कपाटांतील झेरॉक्स प्रतींकडे नव्या नजरेने पाहिले. पोर्टलंडच्या एका मोठ्या चर्चमध्ये संगीताचे काम पाहणारे हॉवर्ड रचिन्स्की यांनी यावर तोड काढली: चर्चने आपल्या उपस्थितीच्या प्रमाणात वर्षाला एकच रक्कम भरावी, कोणती गीते उतरवून घेतली ते कळवावे, आणि त्या नोंदींवरून प्रकाशकांना वाटा मिळावा. १९८८ मध्ये सीसीएलआय ही कंपनी याच योजनेवर उभी राहिली.

ती योजना प्रामाणिक होती असेच माझे मत आहे. चोरी करणाऱ्या मंडळ्यांना तिने सरळ मार्ग दाखवला. पण त्या नोंदींतून आणखी एक गोष्ट तयार झाली, ती म्हणजे सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या गीतांची क्रमवारी. कोणत्या मंडळीत काय गायले जाते हे पूर्वी त्या मंडळीलाच ठाऊक असे. आता ते बाजाराला ठाऊक झाले, आणि बाजाराला ठाऊक झालेली गोष्ट बाजार तशीच राहू देत नाही.

---

उत्तर — सीमा, विधिज्ञ

बिलांविषयी थोडे स्पष्टीकरण देते, कारण 'गाण्यासाठी पैसे' असा सरसकट समज दिसतो. अमेरिकेच्या कायद्यात प्रार्थनास्थळी चाललेल्या उपासनेत गीत गाण्याला स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) अडसर नाही. कलम ११०(३) मध्ये तशी स्पष्ट सूट आहे. पाठ असलेले गीत तुम्ही जन्मभर गात राहिलात तरी एक पैसाही द्यावा लागणार नाही. तेच शब्द पडद्यावर लावले किंवा कागदावर छापले की ती प्रत झाली, आणि प्रतीला परवाना लागतो. थेट प्रक्षेपण ही तिसरी बाब आहे आणि या सुटीत ती येत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत सर्व मंडळ्या कॅमेऱ्यापुढे आल्या, तेव्हा अनेकांना हा फरक प्रथमच कळला. तुमचे दुसरे बिल बहुधा त्याच वर्षी सुरू झाले असेल.

भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२(१)(झेडए) खऱ्या धार्मिक विधीतील गायनवादनाला अशीच मोकळीक देते, आणि लग्नाच्या वरातीचाही त्यात समावेश आहे. (या वरातीच्या तरतुदीवरून गोव्यात बराच वाद झाला. लग्नसमारंभांतील संगीताबद्दल राज्य सरकारने काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. पण तो वेगळा विषय आहे.) आपल्या मराठी मंडळ्यांना लागू होणारी खरी गोम दुसरीच आहे. मूळ गीताचे भाषांतर करण्याचा हक्क मूळ हक्कधारकाचा असतो. इंग्रजी गीत मराठीत आणून, ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर चढवणे हे कोणत्याही धार्मिक सुटीत बसत नाही, आणि आपल्याकडे ते सर्रास चालते.

---

उत्तर — बेसगिटार, लंडन

मी बारा वर्षे एका चर्चच्या वाद्यवृंदात वाजवतो, म्हणून पडद्यामागची बाजू सांगतो. तुमच्या पुढच्या तीन रांगा गप्प का होत्या, याचे निम्मे कारण पट्टी हे आहे. ही गीते ध्वनिमुद्रणासाठी बांधली जातात. उंच गळ्याचा पुरुष गायक पहिली दोन कडवी खर्जात, जवळजवळ कुजबुजत म्हणतो आणि तिसऱ्या वेळी तेच सूर एकदम वरच्या सप्तकात घेतो. मुद्रणात त्याने अंगावर काटा येतो. पण साधारण मंडळीचा आवाज पियानोच्या मधल्या सा च्या वरच्या सप्तकातील 'रे' पर्यंत जेमतेम जातो, आणि ही गीते त्याच्याही वर दोन-तीन सूर जातात. पहिल्या कडव्यात स्त्रियांना सूर फार खाली पडतो, शेवटच्या कडव्यात पुरुषांना फार वर. मध्ये जी चार मिनिटे उरतात त्यांत लोक ऐकतात. आम्ही पट्टी का उतरवत नाही? कारण विकत घेतलेला ट्रॅक मूळ पट्टीतच सर्वांत भारदस्त वाजतो, आणि तरुण गायकाला मुद्रणासारखेच गायचे असते.

दुसरे निम्मे कारण त्या ट्रॅकमध्येच आहे. आमच्या कानांत टिकटिक चालू असते आणि एक मुद्रित आवाज दर वळणाआधी 'ध्रुवपद, दोन, तीन, चार' असे बजावत राहतो. मागच्या वर्षी एका रविवारी पहिल्या रांगेतील एक आजी गीताच्या मधोमध उभ्या राहून मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. त्यांचे यजमान त्याच आठवड्यात गेले होते. संपूर्ण मंडळी त्यांच्याकडे वळली. वाद्यवृंदाने तेथेच थांबायला हवे होते हे आम्हा सर्वांना कळत होते; पण कानातील मुद्रित बाईने 'पूल (म्हणजे गीताचा पुढचा, वेगळ्या चालीचा भाग), दोन, तीन, चार' म्हटले आणि ढोलाचा मुद्रित ठेका सुरू झाला. त्या खाली बसल्या. त्या ट्रॅकचे पैसे मंडळीने भरले होते आणि तो वेळेवर, अचूक वाजला, एवढेच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

क्रमवारीबद्दल पेटीवाले म्हणतात त्याला पुष्टी देणारे काम अमेरिका आणि कॅनडातील काही अभ्यासकांनी केले आहे. २०१० ते २०२० या काळात सीसीएलआयच्या पहिल्या पंचवीसांत आलेली ३८ नवी गीते त्यांनी तपासली. त्यांतील ३६ गीतांचा संबंध चारच ठिकाणच्या मोठ्या चर्चशी निघाला: सिडनीचे हिलसाँग, कॅलिफोर्नियातील बेथेल, नॉर्थ कॅरोलायनातील एलेव्हेशन, आणि अटलांटाची पॅशन. त्यांतीलच काही अभ्यासकांच्या दुसऱ्या पाहणीनुसार, नव्वदीच्या दशकात लोकप्रिय गीत वर येऊन ओसरायला दहा-बारा वर्षे लागत, तेच आता तीन-चार वर्षांत होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. गीते येतात मोजक्या ठिकाणांहून आणि जुनी होतात झपाट्याने. मंडळीला एखादे गीत तोंडपाठ होईपर्यंत ते यादीतून गेलेले असते, म्हणजे पडदा कायमचा लागणार, आणि सीमाताईंच्या हिशेबाने परवानाही कायमचा लागणार.

इकडचीच एक गोष्ट सांगतो. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस लंडनजवळच्या वॉटफर्ड येथील सोल सर्व्हायव्हर या मंडळीत पाळकांनी काही काळ ध्वनियंत्रणा आणि वाद्यवृंद दोन्ही काढून टाकले. तुम्ही येताना अर्पण म्हणून काय आणले आहे, असे ते लोकांना विचारत. आरंभी अवघडलेली शांतता असे, मग लोक साध्या गळ्याने गाऊ लागले. तेथील तरुण गीतकार मॅट रेडमन यांनी त्या अनुभवावर एक गीत लिहिले. ते जगभर गाजले, त्याच क्रमवारीत वर्षानुवर्षे राहिले, आणि आज तुम्हाला त्याचाही ट्रॅक विकत मिळतो, ढोलासकट.

---

प्रत्युत्तर — खजिनदार, डॅलस

आपण सर्वांनी दिलेल्या माहितीबद्दल आभारी आहे. बेसगिटार यांचे उत्तर वाचल्यावर मी आमच्या गतवर्षीच्या गीतांच्या नोंदी काढून पाहिल्या. निम्म्याहून कितीतरी अधिक गीते त्या चारच ठिकाणची निघाली. २०२२ मध्ये हिलसाँगच्या संस्थापकांनी राजीनामा दिला, तेव्हा आमच्या मंडळीत त्या चर्चच्या कारभाराबद्दल तावातावाने चर्चा झाली होती. पण त्यांची गीते गाण्यात एका रविवारचाही खंड पडला नाही, आणि त्या गीतांमागे जाणारा पैसा कोठे जातो हे कोणीही, अगदी त्या वेळच्या खजिनदारानेही, विचारले नाही.

मला एक शंका आहे. यातून बाहेर पडून कोणी पाहिले आहे का? म्हणजे गीतकाराने स्वतःच.

---

उत्तर — पेटीवाला

पाहिले आहे. कीथ ग्रीन हा कॅलिफोर्नियातील गायक स्पॅरो या ख्रिस्ती ध्वनिमुद्रण कंपनीत होता. १९७९ च्या सुमारास त्याने करारातून मोकळे करण्याची विनंती केली आणि कंपनीने ती मान्य केली. कार्यक्रमांना तिकीट लावणे त्याने बंद केले, पुढच्या अल्बमसाठी घर गहाण ठेवले आणि तो अल्बम टपालाने 'जमेल तेवढे द्या' या बोलीवर पाठवला. मे १९८२ पर्यंत दोन लाखांहून अधिक प्रती गेल्या होत्या आणि त्यांपैकी ६१ हजार प्रती फुकट. त्याच वर्षी जुलैमध्ये तो विमान अपघातात गेला. स्पॅरो कंपनी १९९२ मध्ये ईएमआयने विकत घेतली, आणि पुढे ईएमआयबरोबर ती युनिव्हर्सलकडे गेली.

---

उत्तर — मधल्या बाकावरची, पुणे

दोन्ही वादक बंधूंचे म्हणणे पटते, पण थोडा विरोधही नोंदवते. पहिला विरोध असा की बाजारातून आलेले सर्वच गीत पोकळ असते असे नाही. सिनाच या नायजेरियन गायिकेचे २०१५ मधील गीत २०२० मध्ये त्याच सीसीएलआयच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. लागोसमधील बाईचे गीत आमच्या पिंपरीच्या तरुण संघात पोहोचले ते बाजारामुळेच, आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी ते स्वतः गायले आहे. त्या वेळी रॉयल्टी कोणाला गेली याने मला काही फरक पडला नव्हता.

दुसरा विरोध आपल्याच लोकांना आहे. आपल्याकडे 'उपासना संगीत' हे मराठी गीतपुस्तक आहे. त्यातील अनेक गीतांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. भारतात हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे त्यांची गीते केव्हाच सर्वांची झाली आहेत. ती पडद्यावर लावा, छापा, यूट्यूबवर चढवा, कोणी बिल पाठवणार नाही. अभंग, ओवी, साकी, दिंडी या चाली आमच्या आजीला शिकवाव्या लागल्या नव्हत्या, जात्यावरच त्या तिच्या तोंडात होत्या. पेटी, तबला आणि झांज एवढ्यावर सारी मंडळी गात असे. आणि आज? आमच्या मंडळीत गेल्या नाताळाच्या आदल्या रविवारी टिळकांचे गीत फलकावर लागले, तेव्हा कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाने मला विचारले, 'मावशी, याचा ट्रॅक कुठे मिळेल?' मी म्हटले, 'तू वाजव, आम्ही गातो.' तो घाबरला. हुशार मुलगा आहे, इंग्रजी गीतांचे सर्व कॉर्ड त्याला येतात. पण गाणाऱ्या माणसांमागे जायचे असते, त्यांना पुढे घालून वाजवायचे असते, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. शेवटी आमच्या वृद्ध पंचांनी तबल्यावर ठेका धरला आणि तो मुलगा दोन ओळींनंतर आला.

म्हणून खजिनदार, तुम्ही पैशाची रेघ शोधत आहात, पण मला वाटते तुम्ही चुकीच्या स्तंभात शोधत आहात. परवान्याचे बिल भरा. ते न्याय्य आहे आणि सीमाताई म्हणतात तसे ते प्रतीचे आहे. ट्रॅकचे बिल मात्र वेगळ्या जातीचे आहे. गीत लिहिणाऱ्याची मजुरी त्यातून थोडीफार जात असेलही, पण मंडळीच्या दृष्टीने तेथे आपण आपल्याच वादकांचे आणि आपल्याच गळ्यांचे काम दुसऱ्याकडून विकत घेतो. टिळकांचे पुस्तकही विकतच मिळत होते, आमच्या वडिलांनी पगारातून घेतले होते. पण ते घरी आणल्यावर गावे लागत असे. ते आपोआप वाजत नसे.

---

उत्तर — बेसगिटार, लंडन

ताईंनी माझ्या मनातले बोलून दाखवले. एक दुरुस्ती सुचवतो. ट्रॅक एकदम बंद केलात तर तुमचे तरुण वादक दुखावतील आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या चर्चमध्ये दिसतील. महिन्यातून एक रविवार ठरवा. कानातील यंत्रे पेटीत, दिवे पूर्ण, एक गिटार किंवा पियानो, आणि प्रत्येक गीताची पट्टी मंडळीच्या गळ्याने ठरवायची. आम्ही तसे सुरू केले तेव्हा पहिले दोन रविवार वाईट गेले. तिसऱ्या वेळी मी वाजवणे थांबवले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

---

प्रत्युत्तर — खजिनदार, डॅलस

काल कमिटीची बैठक झाली. परवान्याच्या दोन्ही बिलांना मी स्वतःच अनुमोदन दिले. ट्रॅकची वर्गणी सहा महिन्यांसाठी चालू ठेवून नंतर फेरविचार करावा असे ठरले, आणि महिन्याचा शेवटचा रविवार बेसगिटार यांच्या सूचनेप्रमाणे होणार आहे. संगीतप्रमुख नाराज आहेत, पण पट्टी उतरवण्याचा मुद्दा त्यांना पटला. त्यांच्या आईही म्हणे गाणे सोडून नुसत्या उभ्या राहतात.

त्या रविवारी मला टिळकांचे एक गीत गाऊन दाखवायला सांगितले आहे, आधी मराठीत आणि मग सर्वांना ध्रुवपद शिकवून. पेटीवाले, अभंगाच्या चालीत मध्य सप्तकातून तार रिषभापर्यंत जाणारे गीत आहे. येथे कोणालाही चालीची सवय नाही. पेटीची काळी दोन ही पट्टी धरली तर चालेल का?

---

उत्तर — पेटीवाला

काळी दोन उंच होईल. पांढरी एक धरा, म्हणजे तुमचा तार रिषभ बेसगिटार यांनी सांगितलेल्या त्या 'रे' वरच बसतो. सकाळी दहाला त्याच्या वर कोणाचाच गळा जात नाही. आणि ध्रुवपद शिकवताना पडदा बंद ठेवा.